सुनौलीच्या अलीकडेच मोबाईल नेपाळात गेला

चहाच्या टपरीवर बसलो होतो, सुनौलीला, म्हणजे अजून उत्तर प्रदेशातच, जिल्हा महाराजगंज, बॉर्डरची कमान समोर दिसत होती पण ओलांडलेली नव्हती, आणि मी सहज म्हणालो की चार चाळीस झाले, चला आता उठूया. तर आई आपल्या मनगटावरच्या टायटनकडे बघून म्हणाली, कुठे चार चाळीस, चार पंचवीस झालेत, तुझा मोबाईल पुढे आहे. मी म्हटलं आई मोबाईलचं घड्याळ कधी चुकत नसतं, तुझ्या घड्याळाचा सेल गेला असेल. तिने गप्प पर्समधून स्वतःचा मोबाईल काढून दाखवला, त्यातही चार पंचवीस.

मी अजून सेल, सेटिंग वगैरे विचार करत होतो तेवढ्यात मावशी बशीतला चहा संपवत म्हणाली, "रोमिंग लागलं का काय रे?"

आम्ही सगळे हसलो. म्हणजे मी, दादा आणि काका. अगं मावशी आपण अजून भारतात आहोत, ती बघ यूपी नंबरची रिक्षा, रोमिंग कसलं लागतंय. पण हसू संपायच्या आत मी मोबाईल बघितला तर वर कोपऱ्यात माझ्या कंपनीचं नाव जाऊन भलतंच नाव आलेलं आणि शेजारी बारीक आर. आणि मग लक्षात आलं की नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा बरोब्बर पंधरा मिनिटं पुढे असतं. माझा मोबाईल कधीच बॉर्डर ओलांडून गेला होता, मी मागे बसून चहा पीत होतो.

मावशीला हे पहिल्यांदा कळलं याचं आश्चर्य वाटायला नको खरंतर, कारण मावशी बेळगावची. रोमिंग हा शब्द आपल्या घरात सगळ्यात जास्त कोणी वापरला असेल तर तिने. आता तरुण पोरांना सांगून खरं वाटणार नाही पण एक काळ असा होता की कोल्हापूरहून बेळगावला निघालं की कागल मागे पडलं, कोगनोळी नाका आला की टिंग करून मेसेज यायचा, कर्नाटकात आपलं स्वागत आहे, आणि गाडीतले सगळे एकदम शांत. आलेला फोन उचलला तरी पैसे कटायचे. मावशी नाक्याच्या अलीकडे माहेरी शेवटचा फोन करायची, "आता रोमिंग लागतंय, ठेवते", आणि बंद. घरी पोचल्यावर आईला एक मिस कॉल म्हणजे सुखरूप पोचले, दोन मिस कॉल म्हणजे लँडलाईनवर फोन कर. पूर्ण सांकेतिक भाषा होती त्यांची. नंतर देशातल्या देशातलं रोमिंग संपलं तसं आपण सगळे ते विसरलो, मावशी विसरली नाही.

तर हा ब्लॉग त्या नेपाळ ट्रिपचा आहे, २०२५ च्या एप्रिलमधला, पण मुक्तिनाथचं वर्णन वगैरे सगळ्यांनी लिहिलेलं असतं, मी फक्त मोबाईलचं लिहितो. कारण गेल्या दोनेक महिन्यांत ओळखीच्या चार-पाच जणांनी हेच विचारलं, नेपाळला जातोय, फोनचं काय करू.

आधी आमची टोळी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आई (६९), मावशी (६७), काका, मावशीचा मुलगा म्हणजे दादा, आणि मी. नाशिक रोडला रात्री कुशीनगर एक्सप्रेस पकडली, गोरखपूरला उतरलो, गोरखनाथाचं दर्शन, जेवण, आणि गाडी करून सुनौली, साधारण शंभर किलोमीटर. फोन म्हणाल तर आईचा आणि काकांचा साधा प्रीपेड, मावशीचा पण प्रीपेड, माझा प्रीपेड पण निघायच्या आधी मी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घेतलेलं (का ते सांगतो पुढे), आणि दादाचं पोस्टपेड. कंपनीचं नाव घेत नाही. दादा हिवाळ्यात ऑफिसच्या कामाने दुबईला जाऊन आला होता, तेव्हा ऑफिसने रोमिंग चालू करून दिलेलं, पॅक टाकून. पॅक संपला. रोमिंग चालूच राहिलं. आणि फोनमधलं डेटा रोमिंगचं बटण पण चालूच राहिलं, कारण परत आल्यावर ते बंद करायचं असतं हे कोणाच्या डोक्यात येतं? आपल्याकडे दिवसभर ते बटण काहीच करत नाही, निपचित पडलेलं असतं.

तर त्या टपरीवर, आम्ही भारतात बसून पार्ले-जी बुडवत असताना, दादाचा फोन खिशात बसून गोरखनाथ मंदिरातले फोटो आणि आरतीचा एक लांबलचक व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता. नेपाळच्या टॉवरवरून. पॅक नसताना. आम्हाला तेव्हा हे अर्थातच माहीत नव्हतं, आम्हाला फक्त घड्याळाची गंमत वाटत होती. मी मात्र घाईघाईने सगळ्यांचे फोन मागून घेतले आणि सेटिंग तपासायला लागलो. दादाचं बटण बंद केलं तेव्हा फोन चांगला कोमट लागला हाताला.

आईने एक प्रश्न विचारला जो मला वाटतं फार योग्य होता. म्हणाली, नेट वापरलं तर पैसे समजू शकते, पण आलेला फोन घ्यायचे पैसे का? मी काय कोणाला लावलाय का?

त्याचं कारण सोपं आहे पण कोणी सांगत नाही. समजा नाशिकहून शेजारच्या काकूंनी आईला फोन लावला. काकूंना माहीतच नाही आई नेपाळात आहे. त्या भारतातला नंबर लावतात, त्यांना भारतातल्याच कॉलचे पैसे लागणार, त्यांच्यावर नेपाळचे पैसे लादता येत नाहीत. पण फोन तर नेपाळपर्यंत न्यायला हवा ना? तो भारत ते नेपाळ असा पुढचा जो तुकडा आहे तो मग ज्याने फोन उचलला त्याच्या माथी. शिवाय तिथल्या कंपनीचा टॉवर वापरला त्याचं भाडं. म्हणजे काकूंनी तुम्हाला हाक मारली आणि रिक्षाभाडं तुम्ही दिलं असा प्रकार. आई म्हणाली मग मी उचलणारच नाही, आणि विषय संपला.

नेटचं अजून मजेशीर आहे. आपल्याला वाटतं नेपाळात रोमिंगवर नेट लावलं की नेपाळचं नेट वापरतोय, तर तसं नसतं, साधारणपणे तो सगळा डेटा नेपाळच्या टॉवरवरून उचलून परत आपल्या भारतातल्या कंपनीकडे येतो आणि तिथून बाहेर इंटरनेटवर जातो. वेबसाईटला वाटतं माणूस भारतातच बसलाय. त्यामुळे रोमिंगवर आपली सगळी ॲपं घरच्यासारखी चालतात. आणि दोन कंपन्यांचा हिशेब मागाहून जुळतो म्हणून इशाऱ्याचा मेसेज पण कधी कधी वरात गेल्यावर घोडं आल्यासारखा येतो.

बरं, आता बॉर्डरवर नेमकं काय होतं. फोनला देश कळत नाही, त्याला फक्त टॉवर कळतात. आपली रेंज जरा कमी झाली, पलीकडचा टॉवर जोरात आला की तो तिकडे उडी मारतो, आणि रोमिंग चालू असेल तर पलीकडचे त्याला घरात घेतात. आई-काका-मावशीच्या फोनवर इंटरनॅशनल रोमिंग चालूच नव्हतं त्यामुळे त्यांच्या फोनला तिकडचं दारच उघडलं नाही, म्हणून आईच्या मोबाईलचं घड्याळ भारतात राहिलं. माझं आणि दादाचं गेलं. हे फक्त सुनौलीचं नाही हां. संदकफू ट्रेक केलेल्या कोणालाही विचारा, तो सगळा सिंगालीला डोंगरधारेवरून जाणारा रस्ता भारत-नेपाळ सीमेला चिकटून आहे, तुमलिंगला तर मुक्कामच नेपाळात पडतो, आणि मोबाईलचं घड्याळ दिवसातून चार वेळा पंधरा मिनिटं पुढेमागे. मेघालयात डावकीला गेलात की बांगलादेशचं टॉवर लागून अर्धा तास पुढे. भूतानच्या दारात जयगावला पण अर्धा तास. एकटं धनुष्कोडी असं आहे की तिथे घड्याळ फसवत नाही, कारण श्रीलंकेची वेळ आणि आपली वेळ एकच, तिथे डायरेक्ट श्रीलंकेत स्वागत असल्याचा मेसेज येतो आणि लोक त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकतात, डेटा रोमिंग बघत नाहीत.

यावर उपाय अगदी फुकटचा आहे. बॉर्डर जवळ आली की, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर आधीच, फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडणे असं जे असतं ते बंद करून आपली कंपनी हाताने निवडायची. मग फोन रेंज गेली तर गेली, पण परक्या टॉवरवर जात नाही. आणि डेटा रोमिंग बंद. हे दोन्ही गोरखपूरच्या हॉटेलात जेवताना करून टाकलं असतं तर दादाचे पैसे वाचले असते, पण जेवताना आम्ही लिट्टी-चोख्याच्या नादात होतो.

असो. कमान ओलांडली, बेलहिया, मग भैरहवा. ज्यांना कागदपत्रांची काळजी आहे त्यांच्यासाठी एक ओळ, आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आणि ६५ च्या पुढच्यांना आधार पण चालतं. आमच्या म्हाताऱ्या मंडळींचं त्यामुळे सोपं झालं. पासपोर्ट आम्हा दोघांकडे होता आणि तो सिमकार्डासाठी कामाला आला.

भैरहवात एक छोटं मोबाईलचं दुकान, बाहेर पाटी मोबाइल पसल. आई प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती, देवनागरी असल्यामुळे तिला परदेश वाटेचना. पसल म्हणजे काय गं, मिसळ-पसल का? दुकान गं आई. दुकानदार पोरगा पंचविशीतला, हिंदी एकदम साफ, आईला बघून "आमा, बस्नुस्" म्हणून स्टूल पुढे केला, आई त्यावरच खूश. त्याने पासपोर्टची झेरॉक्स घेतली, एक फोटो घेतला (पासपोर्ट साईझचे दोन-चार फोटो खिशात ठेवा, हा सल्ला कुठेही गेलात तरी), एक फॉर्म. मी विचारलं कुठलं घेऊ, तिकडे दोन मोठ्या कंपन्या, एक सरकारी नेपाळ टेलिकॉम आणि दुसरी एनसेल. तो म्हणाला कुठे जाणार? म्हटलं पोखरा, जोमसोम, मुक्तिनाथ. म्हणाला शहरात दोन्ही सारखं, वर डोंगरात जाताय तर सरकारी घ्या. आपल्याकडे कसं लडाख-स्पितीला जाताना बीएसएनएल आठवतं ना, अगदी तसंच. सिम आणि नेटपॅक धरून पाचशे झाले. मी पाचशेची आपली नोट विचारात धरून जरा दचकलो तर तो हसून म्हणाला, "आयसी नाही, एनसी". तिकडे भारतीय रुपयाला आयसी म्हणतात आणि नेपाळीला एनसी, आणि शंभर आयसी म्हणजे एकशे साठ एनसी, हा भाव वर्षानुवर्षं बांधलेला आहे त्यामुळे डोक्यात हिशोब सोपा. म्हणजे आपले तीनशे बारा रुपये. आठ दिवसांसाठी, पाच माणसांत. कंपनीचा रोमिंग पॅक मी निघण्याआधी बघून ठेवला होता, एका माणसाचा एका आठवड्याचा पॅक यापेक्षा कितीतरी महाग होता, पाच जणांचे विचारूच नका.

सिम घालताना पिन नव्हती. दुकानातली पिन हरवलेली, पोरगा खण उचकतोय. मावशीने शांतपणे बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. चालली की! बायकांच्या बांगडीवर पिना असतात तोवर या देशात काही अडणार नाही.

खरी गडबड पुढे झाली. मी म्हटलं दोन सिम घेऊ, एक माझ्यात एक मावशीच्या फोनमध्ये, म्हणजे आम्ही दोन गट झालो तरी अडचण नको. मावशीच्या फोनचा ट्रे बाहेर काढला तर दुसऱ्या खाचेत सिमच्या जागी मेमरी कार्ड. त्या फोनमध्ये एकतर दुसरं सिम नाहीतर मेमरी कार्ड अशी एकच जागा. मी म्हटलं काढतो कार्ड, आठ दिवसांनी परत घालू. मावशी म्हणाली, त्यात हरिपाठ आहे. आणि बाबामहाराजांची कीर्तनं आहेत. सकाळी उठून मी काय ऐकू, तुझं सिमकार्ड? संपला विषय, एकच सिम घेतलं. ज्यांचा फोन असा आहे त्यांनी हे घरून बघून निघा, नाहीतर दुकानात उभं राहून हरिपाठ की इंटरनेट असं ठरवावं लागतं आणि त्यात इंटरनेट हरतं.

मग माझा फोन म्हणजे टोळीची पाणपोई झाला. हॉटस्पॉट लावायचा, चौघं येऊन नेट पिऊन जायचे. पहिल्या रात्री लुंबिनीला बघतो तर अर्ध्या दिवसात डेटा धपाधप उडालेला. शोध घेतला तेव्हा काका निघाले. काकांचे सतरा व्हॉट्सॲप ग्रुप, सकाळचं सुप्रभात, गुलाबाचं फूल, सूर्योदय, आज संकष्टी, निवृत्त कर्मचारी संघाचे व्हिडिओ, हे सगळं आपोआप डाउनलोड होत होतं, आणि फोन हॉटस्पॉटला वायफाय समजतो ना, त्यामुळे त्याला वाटलं वाह वायफाय मिळालं, आता ॲपपण अपडेट करून घेऊ. सगळ्यांच्या व्हॉट्सॲपमधलं आपोआप डाउनलोड बंद केलं, ॲप अपडेट बंद केले, फोटो बॅकअप बंद केला, मग पुढचे सात दिवस तो पॅक पुरून उरला. पोखरा-जोमसोमचा नकाशा हॉटेलच्या वायफायवर ऑफलाईन उतरवून ठेवला होता. बेनीच्या पुढे काली गंडकीच्या कडेने जीप जाते तिथे मधे मधे रेंज जाते तेव्हा तो उपयोगी पडला, निदान तातोपानी मागे गेलं का पुढे आहे एवढं तरी कळत होतं.

आता व्हॉट्सॲपबद्दल लोकांना एक भीती असते की सिम बदललं की नंबर जातो. आमच्यावेळी तरी काही झालं नाही, नंबर बदलायचा का असं विचारलं तर नाही म्हणायचं, बस, तोच जुना नंबर, तेच ग्रुप. पण भारताचं सिम काढून पाकिटात ठेवायचं नाही, ते फोनमध्येच राहू द्यायचं हे माझं ठाम मत. म्हणूनच मी रोमिंग चालू करून घेतलं होतं. त्या सिमने फक्त एक काम करायचं, ओटीपी घ्यायचा. मेसेज आत यायला माझ्या कंपनीने काही घेतलं नाही, डेटा बंद, कॉल उचलायचा नाही. नेपाळी सिमने नेट आणि तिथल्या तिथले फोन. दोघांची कामं वेगळी ठेवली की भांडण होत नाही.

आणि ओटीपी लागतोच. पोखऱ्यात परतीच्या तिकिटाचं काहीतरी करताना लागला, आला दोन मिनिटांत. यूपीआयचं पण तसंच, २०२४ च्या मार्चपासून नेपाळात आपलं यूपीआय क्यूआरवर चालतं, तिकडच्या फोनपेच्या क्यूआरवर. आता यात एक भयंकर घोळ आहे तो मराठीत लिहिताना तर अजूनच वाढतो, तिकडचं फोनपे वेगळं आणि आपलं फोनपे वेगळं! इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, देवनागरीत दोन्ही एकच. दादा पोखऱ्यात कॉफीवाल्याला दहा मिनिटं समजावत होता की माझ्याकडे फोनपे आहे, तो म्हणत होता माझ्याकडे पण फोनपे आहे, आणि पैसे काही जाईनात, कारण दादाने ॲपमध्ये परदेशातल्या व्यवहारांचं बटणच चालू केलेलं नव्हतं. केल्यावर गेले. पण ॲप उघडायला नेट आणि आतमध्ये आपलं मूळ सिम हे हवं, म्हणून म्हणतो सिम काढू नका.

मी स्वतः एकदाच फसलो. फेवा तलावाच्या काठी संध्याकाळी बसलो होतो, समोर डोंगर गुलाबी वगैरे, आणि भारताच्या सिमवर फोन वाजला. एक क्षण वाटलं घरून असेल, काही झालं नसेल ना, उचलला. "सर पर्सनल लोनची रिक्वायरमेंट आहे का?" नाही म्हणून ठेवला, पण मिनिट लागलं ते लागलंच. आई म्हणाली निदान घ्यायचं होतंस, फोनचे पैसे निघाले असते.

नेपाळी सिमचा एक तोटा सांगायला हवा, नाहीतर म्हणाल फक्त गुणगान. रोमिंगवर आपण भारतात बसलोय असं वाटतं म्हटलं ना वर, नेपाळी सिमवर तसं नाही, तिथे तुम्ही नेपाळातच असता. आईच्या सिरियलचं ॲप उघडलं तर सरळ सांगितलं की ही सेवा तुमच्या ठिकाणी उपलब्ध नाही. जोमसोमच्या थंडीत दोन रजया घेऊन बसलेली आई, बाहेर दुपारपासून सुटलेला तो सुप्रसिद्ध वारा, आणि तिची मालिका लागेना. मी म्हटलं आई उद्या मुक्तिनाथला एकशे आठ धारांखाली स्नान करायचंय तू सिरियलचं काय घेऊन बसलीस, तर म्हणाली धारा उद्या आहेत, सिरियल आज आहे. शेवटी तिने आणि मावशीने मिळून पुढे काय होईल ते तोंडी रचलं. घरी आल्यावर बघितलं तर बरंचसं बरोबर निघालं.

ईसिमचं, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणाऱ्या सिमचं, विचारतात लोक. ज्यांच्या फोनमध्ये चालतं त्यांनी जरूर घ्या, घरबसल्या घेता येतं, ट्रे उघडायला नको, पिन नको, विमानाने काठमांडूला उतरणार असाल आणि चार दिवसच असाल तर झंझट नाही. पण त्यातली बरीचशी फक्त नेटची असतात, स्थानिक नंबर मिळत नाही. आम्हाला जीपवाल्याला दिवसातून तीनदा फोन करावा लागत होता, "दाइ कहाँ हो", आणि जीपवाला व्हॉट्सॲप बघत नव्हता, त्यामुळे नेपाळी नंबरच उपयोगी. सगळं व्हॉट्सॲपच्या भरवशावर टाकू नये असंही आता वाटतं, कारण आम्ही येऊन गेल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेपाळ सरकारने फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲपसकट २६ ॲप बंद करायचा आदेश काढला होता, त्यावरून पुढे केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांनी बघितलंच. बंदी चार-पाच दिवसांतच उठली, पण त्या दिवसांत कोणाची आई तिकडे असती तर घरचे कासावीस झाले असते. एक साधा नंबर घरी लिहून ठेवावा.

माझा एक मित्र जर्मनीत असतो, त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसला, म्हणाला आम्ही सकाळी फ्रान्सला जातो, दुपारी बेल्जियमला, फोनला काहीच होत नाही. खरं आहे, युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून आपापसातलं रोमिंगचं जादा बिल बंद आहे, घरचाच प्लॅन चालतो. पण मग तोच म्हणाला की स्वित्झर्लंड त्यात नाही, तिथे बॉर्डरजवळ राहणाऱ्यांचे फोन उडी मारतात आणि लोक अजून फसतात. म्हणजे सुनौली तिकडे पण आहे.

परत येताना बेलहियातच, कमान ओलांडायच्या आधी, आईचा फोन एकदम टुणटुण वाजायला लागला. आठ दिवस मेलेला फोन, भारताची रेंज पलीकडून पकडून जिवंत झाला, तेवीस मिस कॉलचे मेसेज. त्यात शेजारच्या काकूंचे नऊ. त्यांना तुळशीला पाणी किती घालायचं ते विचारायचं होतं.

आणि दादाचं बिल. ते आलं पुढच्या महिन्यात. नेपाळचा डेटा, अठ्ठावीसशे रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. तारीख आम्ही सुनौलीला होतो तीच. दादाने कंपनीला फोन लावला, "मी तेव्हा भारतात होतो." तिकडची मुलगी गोड आवाजात, "सर सिस्टीममध्ये नेपाळ दाखवत आहे". अहो मॅडम मी उत्तर प्रदेशात चहा पीत होतो. सिस्टीममध्ये नेपाळ दाखवत आहे सर. असं तीन दिवस, तीन वेगवेगळ्या माणसांशी, प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगायची. मग मावशी म्हणाली, चहाचे पैसे तू मोबाईलवरनं दिले होतेस ना? दादाने शोधलं. होतं. पाच चहा, साठ रुपये, टपरीवाल्याचं नाव, आणि वेळ बॉर्डर ओलांडायच्या आधीची. तो स्क्रीनशॉट तक्रारीला जोडून पाठवला, वर एकाला फोनवर सुनौली कुठल्या राज्यात येतं हे गूगलवर बघायला लावलं. आठवड्याने मेसेज आला की सदिच्छा म्हणून निम्मी रक्कम पुढच्या बिलात वजा होईल. का निम्मी, ते काही सांगितलं नाही.

दादा खूश झाला, त्या साठ रुपयांनी चौदाशे वाचवले म्हणून सगळ्यांना सांगत सुटला. मी त्याला अजून सांगितलेलं नाही, पण तेव्हा त्याचा फोन नेपाळच्या टॉवरवर होता, म्हणजे ते साठ रुपये गेले ते पण रोमिंगवरच गेले असणार, त्याच अठ्ठावीसशेत.